‘धरणातल्या मंदिरात स्कूबा’ : आगाऊ रक्कम भरण्याआधी हे वाचा

पोस्टरवर निळंशार पाणी, पाण्यात कोरीव दगडी कमान आणि खाली मजकूर : ‘उजनीच्या तळाशी बुडालेल्या गावात स्कूबा. खोली ३० मीटर. पोहता येण्याची गरज नाही. सर्टिफिकेट आणि व्हिडिओसह.’ माणशी १२,५०० रुपये, त्यातले निम्मे यूपीआयने आगाऊ, उरलेले काठावर रोख. आमच्या गटातल्या सहा नव्या मंडळींनी पैसे भरले. प्रत्यक्षात मिळालं ते असं : मासेमारीची होडी, होडीत पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर, त्याला जोडलेली प्लास्टिकची नळी आणि दीड-दोन पुरुष खोल हिरव्या पाण्यात दहा मिनिटं बुडी. मंदिर एकालाही दिसलं नाही. नंतर मोबाइलवर आलेल्या व्हिडिओत मात्र मंदिर होतं. आयोजकाविरुद्ध तक्रार चालू आहे, म्हणून त्याचं नाव इथे देत नाही. हाच मजकूर उद्या दुसऱ्या नावाने, दुसऱ्या धरणाच्या फोटोसह फिरेल. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायचा कसा, ते सांगतो.

सुरुवात खोलीपासून. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे धरण शंभर टक्क्यांवरून शून्यावर येतं तेव्हा पाणी जेमतेम पावणेसहा मीटर उतरलेलं असतं. त्याखाली साठा ‘उणे’त जातो. जून २०२४ मध्ये तो उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. त्या उन्हाळ्यात जुन्या पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडलं आणि लोक तिथपर्यंत जाऊन दर्शन घेऊन आले. जे मंदिर मृतसाठ्याखाली काही मीटर पाणी गेलं की कोरडं होतं, त्याच्या पायाशी काठोकाठ भरलेल्या धरणातही फार तर दहा मीटरच्या आसपास पाणी असणार. तीस मीटर आणायचं कुठून? तेवढी खोली भिंतीजवळच्या जुन्या नदीपात्रातच मिळेल, आणि तिथे विमोचकांच्या (धरणातून पाणी सोडायच्या दारांच्या) ओढीत माणूस उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. पाणी खेचणाऱ्या दाराजवळ अंग एकदा चिकटलं की वरून कितीही ओढलं तरी सुटत नाही.

हे गणित आपल्याकडच्या बहुतेक बुडालेल्या देवळांना लागू आहे. पवनेतलं वाघेश्वर, भाटघरमधलं कांबरे गावचं मंदिर, ही सगळी फुगवट्याच्या उतरत्या पट्ट्यातली ठिकाणं आहेत. दर उन्हाळ्यात बाहेर येणारं देऊळ हे पायी जाऊन पाहायचं ठिकाण आहे, तिथे ‘डीप डाइव्ह’ असूच शकत नाही. जलसंपदा विभाग धरणांची पातळी आणि साठा रोज जाहीर करतो. ज्या तारखेचं पॅकेज विकलं जातंय, त्या सुमारास मागच्या वर्षी पातळी किती होती एवढं पाहिलं तरी निम्मी थाप तिथेच पकडता येते.

शिवाय ३० मीटरच्या दाव्यात आणखी एक विसंगती आहे. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला प्रशिक्षकासोबत उतरवायची सर्वमान्य मर्यादा १२ मीटर आहे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रावर १८ मीटर आणि ३० मीटरला त्यापुढचा ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रम लागतो. ‘पोहता येण्याची गरज नाही’ आणि ‘३० मीटर’ हे दोन्ही एकाच पोस्टरवर दिसलं, की पुढचं वाचायची गरज उरत नाही.

आता पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, म्हणून पाण्याला तो दाट हिरवा रंग असतो. पावसाळ्यात गाळ, नंतर शेवाळ. अशा पाण्यात हात पुढे केला तर स्वतःची बोटंही धूसर दिसतात. तळाला बसलेला मऊ गाळ पायाच्या एका फटक्यात उसळतो आणि उरलीसुरली दृश्यताही जाते. त्यातच नायलॉनची तुटकी जाळी आणि बुडालेल्या बाभळींच्या फांद्या. जाळं पायात अडकलं तर कापायला कटर लागतो. आमच्या मंडळींना उतरवणाऱ्याकडे तो नव्हता. पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरणं तर छताखालचं डायव्हिंग झालं. सरळ वर येता येत नाही अशा जागी जायला वेगळं प्रशिक्षण, दोरीची रीळ आणि हवेचा दुसरा स्वतंत्र स्रोत लागतो. ‘गाभाऱ्यात नेऊन दर्शन’ असं कुणी विकत असेल तर त्याच्याबरोबर अजिबात जाऊ नका.

पोस्टरवरची ती कमान चीनमधल्या शिचेंग या बुडालेल्या नगराची निघाली. झेजियांग प्रांतात १९५९ मध्ये शिनआन नदीवरच्या धरणामुळे ते गाव पाण्याखाली गेलं आणि तिथले सिंह-ड्रॅगन कोरलेले दगडी दरवाजे आजही शाबूत आहेत. फोटो इमेज सर्चला टाकला की क्षणात कळतं. पण फोटोकडे नीट पाहिलं तरी पुरे, आपल्याकडच्या देवळाच्या चौकटीवर ड्रॅगन कुठून येईल?

त्याच आयोजकाने पुढच्या सहलीसाठी गोव्यातलं कुर्डी दाखवलं होतं : ‘साळावली धरणाखाली प्राचीन महादेव मंदिरात डाइव्ह’. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव १९८६ मध्ये पाण्याखाली गेलं हे खरं. पण ते प्राचीन महादेव मंदिर तिथे आता नाहीच! बुडण्याआधी ते दगड सुटे करून हलवलं आणि धरणाजवळ पुन्हा उभारलं. कपडे न भिजवता बघता येतं. आणि गावाचे अवशेष दर मे महिन्यात उघडे पडतात, तेव्हा मूळचे कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. घरंदारं सोडून गेलेल्या माणसांची ही जागा आहे. तिच्या नावावर खोटी चित्रं विकली जातात याचा आम्हाला मनापासून राग येतो.

व्हिडिओची भानगड उघडी पडली ती एका चांदणीमुळे. ‘पिंडी’ म्हणून दाखवलेल्या दगडाच्या डाव्या कडेला पाच हातांचा तारामासा चिकटलेला होता, आणि भिंतीवर शंखगोट्यांचे पांढरे, धारदार थर. तारामासे गोड्या पाण्यात जगतच नाहीत, जगातल्या एकाही तलावात ते सापडत नाहीत. म्हणजे चित्रीकरण समुद्रातलं, त्यावर आमच्या लोकांचे होडीतले चेहरे आधी आणि नंतर जोडलेले. असा व्हिडिओ आला तर तीन गोष्टी बघा : पाण्याचा रंग, प्राणी, आणि तुमचा चेहरा व ते अवशेष एकाच अखंड दृश्यात आहेत का.

सामानाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात पैसे जातात तेवढ्यावर भागत नाही. स्कूबा म्हणजे हवेची टाकी पाठीवर. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची असते, २०० बार दाबाला भरली की साधारण २,२०० लिटर हवा. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून नवखा माणूस मिनिटाला ४५ लिटरच्या आसपास हवा संपवतो. ५० बार राखीव धरले तरी पस्तीस मिनिटं सहज मिळतात. दहा मिनिटांत वर काढत असतील तर टाकी अर्धवट भरलेली आहे किंवा टाकीच नाही. टाकीच्या खांद्यावर जलदाब चाचणीची तारीख कोरलेली असते. ती रंगाखाली दडवली असेल तर टाकी नाकारा. उतरण्याआधी दाबमापकाकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्या. काटा श्वासागणिक खाली जाऊन परत वर आला, तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही.

आमच्या मंडळींना मिळालेला कॉम्प्रेसर पंक्चरच्या दुकानात असतो त्या जातीचा होता. त्यात वंगण तेल असतं आणि तेलाची वाफ थेट फुप्फुसात जाते. वर इंजिनाचं धुराडं आणि हवा ओढायचं तोंड एकाच बाजूला, हातभर अंतरावर. वारा फिरला की कार्बन मोनॉक्साइड नळीत. त्याला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं, आणि पाण्याखाली गुंगी येणं म्हणजे काय हे सांगायला नको. दोघांना वर आल्यावर तासभर डोकेदुखी होती. नळीच्या तोंडाशी हवा उलटी जाऊ न देणारी झडप नव्हती. इंजिन बंद पडलं तर हवा तिथेच संपते, राखीव काही नाही. सगळ्यात गंभीर म्हणजे ‘वर येताना श्वास रोखू नका’ हा पहिला नियमही कुणाला सांगितला गेला नाही. दोन-तीन मीटरवरूनही श्वास कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं.

‘ऑक्सिजनची सोय आहे’ म्हणून दाखवला तो औषधाच्या दुकानात मिळणारा फवाऱ्याचा कॅन, १० लिटरचा. डायव्हिंगच्या अपघातात शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १५ लिटरने द्यावा लागतो. तो कॅन चाळीस सेकंद पुरेल. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला दोन तास धरले तर १,८०० लिटर ऑक्सिजन लागेल, म्हणजे दीड घनमीटरचा बी-टाइप सिलिंडरही थोडा अपुराच.

प्रशिक्षक खरा आहे का हे दोन प्रश्नांत कळतं. पहिला : ‘तारकर्लीला मला जेवढं शिसं लावलं होतं, तेवढंच इथे लावणार का?’ गोडं पाणी समुद्रापेक्षा अडीच टक्के हलकं असतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर कमरेचं शिसं सुमारे अडीच किलोने कमी करावं लागतं, नाहीतर माणूस दगडासारखा तळाच्या गाळात जातो. दुसरा : ‘इथे उंचीचे नियम लागतात का?’ समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर डायव्हिंगची कोष्टकं (किती खोलीवर किती वेळ राहायचं ते सांगणारी) बदलतात. उजनी ५०० मीटरच्या आसपास, पवना ६०० च्या वर. बुडी मारून लगेच महाबळेश्वर गाठायचा बेत असेल तर ज्याला हे कळतं तो तुम्हाला थांबवेल. विमानासाठी एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या झाल्या तर १८ तास थांबावं लागतं. प्रशिक्षकाचा सदस्य क्रमांक मागा आणि तो त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. कार्डाच्या फोटोवर विसंबू नका. आमच्याकडे आलेल्या ‘सर्टिफिकेट’वर क्रमांकच नव्हता. शिकायचंच असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे.

परवानगी म्हणून ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याचा फोटो पाठवला होता. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, ग्रामपंचायत तिथे बुडी मारायची परवानगी देऊ शकत नाही. जावक क्रमांक, तारीख, नेमकं ठिकाण आणि मुदत लिहिलेलं विभागाचं पत्र मागा आणि त्या उपविभागाच्या कार्यालयात फोन करून खात्री करा.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या काही तासांतच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँकेचं नाव, वेळ हाताशी ठेवा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार देता येते. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. काठावर सही करून घेतलेल्या ‘सर्व जोखीम माझी’ या कागदाला घाबरू नका. अपघाताची जोखीम पत्करणं वेगळं आणि खोटी जाहिरात दाखवून पैसे घेणं वेगळं.

आमच्या सहा जणांना आयोजकाने निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच : व्हिडिओ आणि चॅट डिलीट करा. ते करू नका. पोस्टर, चॅट, व्हिडिओची मूळ फाइल, होडीवर काढलेले कॉम्प्रेसरचे फोटो, सगळं दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही साठवून ठेवा आणि मगच त्याच्याशी बोला.