पतंगांच्या नोंदींसाठी घेतलेला यूव्ही दिवा

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या परसात रात्री येणाऱ्या पतंगांच्या नोंदी ठेवण्यासाठी एप्रिलमध्ये मी एक यूव्ही (अतिनील) एलईडी दिवा ऑनलाइन मागवला. अशा प्रकाशाकडे पतंग ओढले जातात आणि दिव्याजवळ टांगलेल्या पडद्यावर बसतात. एकोणीस रात्री वापरल्यावर दिवा उत्तम आहे, पण सोबतचा पडदा कुचकामी आहे, असे माझे मत झाले आहे.

दिवा 10 वॅटचा असून त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी 365 नॅनोमीटर आहे. आधीचा स्वस्तातला 395 नॅनोमीटरचा दिवा डोळ्यांना जास्त जांभळा दिसे, मात्र त्याच्याकडे पतंग फारसे फिरकत नसत. हा दिवा 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर जवळजवळ तीन तास चालतो, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही; उलट गल्लीतले दिवे विझले की परसातली गर्दी वाढते. दिव्याकडे थेट पाहू नये, एवढी साधी सूचनाही माहितीपत्रकात नाही, ही गंभीर उणीव आहे.

पडदा गुळगुळीत नायलॉनचा आहे आणि त्यावर बसलेले पतंग घसरतात. सोलापुरात राहून कापड बाहेरून मागवल्याची मला लाजच वाटली, म्हणून पुढच्या रात्री इथलाच पांढरा टॉवेल टांगला. तर कण्हेरीवर वाढणारा, हिरव्या संगमरवरासारख्या पंखांचा डॅफ्निस नेराय हा पतंग नखे टॉवेलच्या फासांत अडकून फडफडत राहिला आणि काडीने एकेक फास सोडवून त्याला मोकळे करावे लागले. शेवटी वडिलांचे जुने, विरलेले सुती धोतर कामी आले. कोऱ्या पांढऱ्या कापडाला चमक आणणारे द्रव्य लावलेले असते, ते यूव्हीखाली निळे उजळते आणि फोटोत पंखांचे खरे रंग उतरत नाहीत. धोतरावर मात्र युटेथीसा या पतंगाचे लाल-काळे ठिपके स्वच्छ टिपता आले.

मेअखेरीस वळीव पडला, त्या रात्री पंख फुटलेल्या वाळवीने धोतर असे झाकले की अर्ध्या तासातच दिवा बंद केला. तो दोष अर्थातच दिव्याचा नाही. भिंतीवरच्या पालींची मात्र चंगळ झाली. तेव्हापासून मी धोतर भिंतीपासून दूर, कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर टांगतो.

पडद्याविना नुसता दिवा मिळेल का, असे विक्रेत्याला विचारले असता दोन्ही एकत्रच घ्यावे लागतील, असे उत्तर आले. तो पडदा सध्या दुपारच्या उन्हासाठी मोगऱ्यावर बांधला आहे.