खोल्यांचे बुकिंग उत्तम, क्षतिपूर्तीची अट मात्र एकतर्फी

फोंडा तालुक्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या देवस्थानांच्या परिसरात घरातील एक-दोन खोल्या पर्यटकांना देणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्याप्रमाणे मीही एका मोठ्या बुकिंग संकेतस्थळावर नोंदणी केलेली आहे. सेवा म्हणून त्याच्याविषयी तक्रार करण्यासारखे फारसे नाही. पूर्वी केवळ ओळखीपाळखीतून येणारी कुटुंबे आता पुण्याहून, बेळगावहून परस्पर येतात, पैसे ठरल्या दिवशी खात्यात जमा होतात आणि ऐन पावसाळ्यातही खोल्या अगदीच रिकाम्या राहत नाहीत. कमिशन जड वाटते, परंतु ते आधीच सांगितलेले असते. माझा आक्षेप आहे तो नोंदणी करताना ज्या अटींखाली आपण ‘मान्य आहे’ असे बटण दाबतो, त्यांतील क्षतिपूर्तीच्या कलमावर.

या कलमाचा आशय असा, की यजमानाने सेवेचा जो वापर केला त्यातून ‘किंवा त्याच्याशी कोणत्याही प्रकारे संबंधित’ असा कोणताही दावा कंपनीवर झाला, तर नुकसानभरपाई, तडजोडीची रक्कम आणि वकिलांची फी यजमानाने भरून द्यायची. अशा वचनाला भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 124 चा आधार आहे, त्यामुळे ते मुळातच बेकायदा म्हणता येत नाही, आणि माझ्या मते मुळातच अन्यायकारकही नाही. आमच्या अंगणातून वर येणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात. त्यांवरून एखादा पाहुणा घसरला आणि त्याने माझ्यासोबत कंपनीलाही प्रतिवादी केले, तर पायऱ्या घासून न घेण्याचा दोष माझा, तेव्हा कंपनीचा खर्च मी सोसावा हे रास्तच आहे. दुसऱ्याने काढलेली छायाचित्रे आपल्या घराची म्हणून चढवणाऱ्या यजमानाबाबतही हेच म्हणता येईल.

परंतु तीच शब्दयोजना याहून फार पुढे जाते. कंपनीच्या यंत्रणेने एकाच रात्रीसाठी दोन कुटुंबांना एकच खोली दिली, किंवा पाहुण्याने ओळखीसाठी चढवलेली कागदपत्रे कंपनीच्याच सर्व्हरवरून फुटली, तरी तो दावा माझ्या खोलीच्या बुकिंगशी ‘संबंधित’ ठरवता येतो, कारण कंपनीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा अपवाद कलमात कोठेही नाही. त्याच अटींत थोडे खाली कंपनीची माझ्याप्रती असलेली जबाबदारी मागील बारा महिन्यांत तिला माझ्याकडून मिळालेल्या कमिशनइतकी मर्यादित केलेली आहे. माझ्या जबाबदारीला मात्र कसलीही कमाल मर्यादा नाही. दोन खोल्यांचा यजमान आणि शंभर खोल्यांचे हॉटेल यांना हेच कलम अक्षरशः सारखे लागू होते.

सर्वांत खटकणारी गोष्ट तडजोडीविषयीची आहे. करार अधिनियमाच्या कलम 125 नुसार क्षतिपूर्ती मागणाऱ्याने वचन देणाऱ्याच्या सूचनांविरुद्ध वागू नये आणि शहाण्या माणसाने केली असती अशीच तडजोड करावी, अशी अपेक्षा आहे. संकेतस्थळाच्या अटींनी ही वाट बुजवली आहे: दाव्याचा बचाव कसा करायचा आणि किती रकमेवर मिटवायचा हे कंपनी ‘आपल्या पूर्ण अधिकारात’ ठरवणार, आणि बिल माझ्याकडे येणार. शिवाय कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग माझ्याकडे मागावेत, असा दिलासाही धरून चालू नये. ज्याच्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात आज गोवा येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाने 1942 साली गजानन मोरेश्वर पारेळकर यांच्या प्रकरणात असे म्हटले, की देणे पक्के झाले असेल तर प्रत्यक्ष पैसे जाण्यापूर्वीही क्षतिपूर्ती मागता येते.

एवढे करूनही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 79 मधील मध्यस्थाचे संरक्षण, म्हणजे इतरांनी चढवलेल्या माहितीसाठी संकेतस्थळाला जबाबदार न धरण्याची तरतूद, कंपनीला, कायद्याच्या अटी पाळल्यास, मिळू शकतेच. एक ढाल कायद्याची आणि दुसरी माझ्या खिशातून, असा हा प्रकार आहे.

पाहुण्यांची स्थिती थोडी बरी आहे. त्यांच्या अटींतही असेच कलम आहे, पण ते निर्विवाद ग्राहक असल्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील ‘अनुचित करार’ ही व्याख्या त्यांच्या कामी येते. ग्राहकावर अवाजवी बंधन लादून त्याला गैरसोयीत टाकणारी अट त्या व्याख्येत बसते आणि ती रद्दबातल ठरवण्याचा अधिकार पणजीतील राज्य ग्राहक आयोगाला आहे. यजमान धंद्यासाठी सेवा घेतो, म्हणून त्याला ग्राहक म्हणायचे की नाही, येथेच पहिला वाद उभा राहतो. ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने विषम बळाच्या पक्षांमधील सदसद्विवेकाला न पटणारी अट रद्द ठरवली होती. त्या निकालाचा आधार घेता येईल, पण त्यासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी लागेल, आणि अटींनुसार ते कोर्टही गोव्याबाहेरचे.

विम्याने हे भागेल असे काहींना वाटते. सार्वजनिक दायित्वाच्या विमापत्रात पायरीवरून घसरलेल्या पाहुण्याची भरपाई येऊ शकते. मात्र केवळ कराराने ओढवून घेतलेली जबाबदारी अशा विमापत्रांत सहसा वगळलेली असते. पर्यटन खात्याकडे 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियमाखाली रीतसर नोंदणी केल्यानेही या बाबतीत काही फरक पडत नाही.

मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून एवढेच विचारले, की कंपनीच्या स्वतःच्या चुकीचा अपवाद कलमात घालता येईल का. मध्यस्थांसाठीच्या 2021 च्या नियमांत तक्रारीची पोच 24 तासांत देण्याचे बंधन आहे. पोच वेळेत आली, आणि उत्तरही मुदतीत आले, की अटी सर्व यजमानांसाठी समान असून त्यांत वैयक्तिक बदल होत नाहीत. उत्तराची भाषा सभ्य होती.

बुकिंग, हिशेब आणि पाहुण्यांशी संपर्क यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, अटींसाठी दीड. दुसऱ्या एका लहान संकेतस्थळाच्या अटींत यजमानाची क्षतिपूर्ती त्याच्या स्वतःच्या चुकीपुरती आणि ठरावीक रकमेपर्यंतच आहे, मात्र तेथून पाहुणे फार कमी येतात. सध्या रस्त्याकडील खोली मोठ्या संकेतस्थळावर आणि पायऱ्या चढून जावे लागणारी मागची खोली त्या लहान संकेतस्थळावर, अशी विभागणी मी केली आहे.