दोन बर्नरच्या बॉयलरचे नियंत्रण : सामाईक की स्वतंत्र?

ताशी २० टनांच्या आसपास वाफ देणारा, वायूवर किंवा फर्नेस ऑइलवर चालणारा बॉयलर घ्यायचा झाला, की विक्रेत्याच्या प्रस्तावात एक वाक्य बहुधा असतेच : दोन बर्नर असल्यामुळे एक बंद पडला तरी वाफ थांबणार नाही. हे विधान अर्धेच खरे आहे. ते कितपत खरे ठरेल, हे त्या दोन बर्नरना इंधन आणि हवा किती स्वतंत्रपणे मिळते यावर अवलंबून असते. म्हणून येथे एक बर्नर चांगला की दोन, या वादात न शिरता, दोन बर्नर घ्यायचेच असतील तर त्यांचे नियंत्रण सामाईक ठेवावे की स्वतंत्र, एवढाच प्रश्न घेतला आहे.

सामाईक मांडणीत एक एफडी फॅन (ज्वलनाची हवा आत ढकलणारा पंखा), एक विंडबॉक्स (ती हवा बर्नरना वाटणारी पेटी) आणि इंधनाचा एकच कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. त्याच्यापुढे नळी दुभंगते आणि प्रत्येक बर्नरला फक्त आपापला बंद करणारा व्हॉल्व्ह मिळतो. स्वतंत्र मांडणीत प्रत्येक बर्नरला स्वतःचा कंट्रोल व्हॉल्व्ह, स्वतःचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) किंवा फॅन आणि इंधन-हवेचे स्वतःचे गुणोत्तर असते, आणि वाफेच्या दाबावर लक्ष ठेवणारा मास्टर कंट्रोलर दोघांना मागणी वाटून देतो. पहिली मांडणी स्वस्त आणि समजायला सोपी आहे. सगळे सुरळीत असताना दोहोंत फरक जाणवतही नाही. तो जाणवतो एक ज्योत विझते तेव्हा.

सामाईक मांडणीत एका बर्नरची ज्योत गेली आणि त्याचा व्हॉल्व्ह बंद झाला, की हेडरमधील, म्हणजे सामाईक इंधननळीतील, दाब वाढतो आणि उरलेल्या बर्नरकडे त्याच्या वाट्यापेक्षा जास्त इंधन जाऊ लागते. एकूण इंधनाचा प्रवाह कायम राखणारा कंट्रोलर असेल, तर तो सगळे इंधन एकाच बर्नरमधून रेटण्याचा प्रयत्न करतो. हवा मात्र निम्मी अजूनही विझलेल्या बर्नरच्या रजिस्टरमधून (त्याच्याभोवतीच्या हवेच्या पात्यांच्या कड्यातून) निघून जात असते. आधी १५ टक्के जादा हवा राखलेली असेल आणि इंधन खरोखर दुप्पट झाले, तर चालू ज्योतीला ज्वलनासाठी लागणाऱ्या हवेच्या ५७-५८ टक्केच हवा मिळते. अशा वेळी चिमणीतून काळा धूर निघतो, आणि न जळलेला वायू फरनेसमध्ये साचून पुढे मोकळ्या हवेशी मिसळण्याची शक्यता निर्माण होते, जी धुराहून कितीतरी अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या एनएफपीए ८५ या बॉयलर-सुरक्षेच्या संहितेत दोन बर्नरच्या बॉयलरचा वेगळा विचार केलेला आहे, तो याच कारणाने. उपाय दोनच : एक ज्योत जाताच दोन्ही बर्नर ट्रिप करणे (सुरक्षेसाठी आपोआप बंद पाडणे), किंवा एकूण इंधन त्याच क्षणी घटवून चालू बर्नरचे गुणोत्तर बिघडू न देणे. सामाईक मांडणीत बहुतेक ठिकाणी पहिला उपाय निवडला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र तो निवडल्यावर 'एक बंद तरी दुसरा चालू' या आश्वासनाला काही अर्थ उरत नाही.

दुसरा फरक सावकाश नुकसान करतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. चिमणीतील ऑक्सिजन विश्लेषक दोन ज्योतींची सरासरी सांगतो. एक बर्नर १ टक्का ऑक्सिजनवर काजळी धरत असेल आणि दुसरा ५ टक्क्यांवर उष्णता चिमणीतून वाया घालवत असेल, तर पॅनेलवर ३ टक्के हा वायूसाठी आदर्श मानला जाणारा आकडा दिसत राहतो. सामाईक मांडणीत हा असमतोल केवळ रजिस्टरची पाती हाताने फिरवून दुरुस्त करावा लागतो, तोही ज्योतीचा रंग आणि कार्बन मोनॉक्साइडचे मापन पाहून. स्वतंत्र मांडणीत प्रत्येक बर्नरचे इंधन आणि हवा वेगवेगळी मोजलेली असल्यामुळे दोष कोणाचा, हे पॅनेलवरच कळते.

कमी लोडवरही स्वतंत्र नियंत्रणाचे पारडे जड आहे, पण इथे थोडे गणित करावे. ताशी २० टनांच्या बॉयलरवर प्रत्येकी १० टनांचे दोन बर्नर असतील आणि प्रत्येकाचे टर्नडाउन (कमाल आणि किमान क्षमतेचे गुणोत्तर) ५:१ असेल, तर दोन्ही मिळून ४ टनांपर्यंत आणि एकटा बर्नर २ टनांपर्यंत उतरू शकतो. ४ ते १० टनांच्या पट्ट्यात दोन्ही पर्याय खुले असतात. दुसरा बर्नर १० टनांवरच पेटवायचा असे ठरवले, तर पहिला पूर्ण भरलेला असल्याने दाब घसरू लागतो. म्हणून सुमारे ८ टनांवर दुसरा पेटवणे आणि लोड ५ टनांवर आल्यावरच तो बंद करणे हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दुसरा बर्नर किमान ज्योतीवर, म्हणजे २ टनांवर, पेटतो त्याच क्षणी पहिल्याने तेवढेच खाली यायला हवे, नाहीतर दाब उसळतो आणि ड्रममधील (वाफ आणि पाणी वेगळे होते त्या पात्रातील) पाण्याची पातळी खोटी वर दिसते. सामाईक व्हॉल्व्हवर हे जमवणे जवळजवळ अशक्य असते. मात्र बंद बर्नरच्या रजिस्टरमधून त्याचे तोंड थंड ठेवण्यासाठी थोडी हवा सोडावीच लागते, आणि ती कार्यक्षमता खाते.

ज्योत आहे की नाही हे ओळखणाऱ्या फ्लेम स्कॅनरची अडचण दोन्ही मांडण्यांत सारखीच आहे. माझ्या पाहण्यातील एका कापड प्रक्रिया कारखान्यात बर्नर एकावर एक बसवलेले होते. खालच्या बर्नरचा वायू हाताने बंद केल्यावरही पॅनेलवरील त्याचा हिरवा दिवा तसाच जळत राहिला. पीप होलमधून पाहिले तर खाली अंधार होता. स्कॅनरची नळी तिरकी बसल्यामुळे त्याला वरचीच ज्योत दिसत होती. नळीची दिशा बदलून आणि संवेदनशीलता घटवून तो दोष गेला, पण तोवर तो बॉयलर किती दिवस असाच चालला असेल, याचा विचार अटेंडंटने बोलून दाखवला तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हते.

पर्ज करण्याबाबत, म्हणजे फरनेसमध्ये साचलेला वायू हवेने बाहेर ढकलण्याबाबत, नियम सरळ आहे : दोन्ही ज्योती गेल्या, की पूर्ण पर्ज झाल्याशिवाय काहीही पेटवायचे नाही. बहु-बर्नर बॉयलरसाठी एनएफपीए ८५ किमान पाच मिनिटे आणि फरनेसमधील हवा किमान पाच वेळा बदलेल इतका पर्ज मागते.

एकाच फरनेसऐवजी दोन फरनेस-नळ्या असलेला शेल बॉयलर (ज्यात पाण्याने भरलेल्या कवचातून आगीच्या नळ्या जातात) हा स्वतंत्रपणाचा टोकाचा प्रकार आहे. कल्पना नवी नाही. १८४४ मध्ये पेटंट झालेल्या आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतही वापरात आलेल्या लँकेशायर बॉयलरमध्ये दोन भट्ट्या होत्या, आणि फायरमन त्यांत आळीपाळीने कोळसा टाकत, जेणेकरून एकीचा धूर दुसरीच्या लखलखत्या आगीमुळे जळून जाई. आजच्या बॉयलरमध्ये दोन्ही नळ्यांचे वायुमार्ग शेवटपर्यंत वेगळे असतील तरच एका बर्नरवर दीर्घकाळ चालवण्याची मुभा मिळते. मागचा कक्ष सामाईक असेल तर ती मुभा निर्मात्याकडून लेखी घ्यावी, कारण एक नळी तापलेली आणि दुसरी थंड राहिल्याने शेल आणि ट्यूब प्लेट (नळ्या बसवलेला टोकाचा जाड पत्रा) यांवर येणारा ताण तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. शिवाय दाबाखालील भागांत पुढे फेरफार करायचा तर बॉयलर संचालनालयाची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. नियंत्रण व्यवस्था मात्र नंतरही बदलता येते.

तेव्हा कोणी काय घ्यावे? ज्या कारखान्याचा लोड दिवसभर १२ ते १८ टनांच्या दरम्यान स्थिर राहतो आणि ज्याच्याकडे पर्यायी छोटा बॉयलर उभा आहे, त्याने सामाईक मांडणी घेऊन दोन्ही एकत्र ट्रिप होण्याची तजवीज करावी. स्वतंत्र नियंत्रणाचा जादा खर्च तिथे वसूल होणार नाही. ज्याच्याकडे कापड रंगवणारी जेट मशिन एकाच वेळी तापायला लागतात आणि दुपारी लोड ३-४ टनांवर येतो, त्याने स्वतंत्र नियंत्रणच घ्यावे. आणि ज्याला फक्त 'बंद पडू नये' एवढेच हवे आहे, त्याने १० टनांचे दोन वेगळे बॉयलर घेण्याचा हिशेब आधी मांडावा, कारण ट्यूब फुटली किंवा सामाईक फॅन गेला तर दोन बर्नर असूनही काही उपयोग होत नाही.

निवड काहीही असो, ताबा घेण्यापूर्वी ७० टक्के लोडवर एका बर्नरचा वायू हाताने बंद करून दाखवण्याची अट खरेदी आदेशात लिहावी. त्या वेळी ड्रमची पातळी, हेडरचा दाब आणि चिमणीचे तोंड या तीन ठिकाणी तीन माणसे उभी करावीत.