पिक्चर पाहताना मी आधी हात पाहतो

नाळ पाहिला नसेल राजेहो, तर आधी तो पाहा, हे बाकीचं नंतर वाचलं तरी चालते. २०१८ चा आहे, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा डायरेक्टर म्हणून पहिलाच, आणि त्यातला चैत्या म्हणजे श्रीनिवास पोकळे हा पोरगा आपल्या अमरावतीकडचा. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार भेटला. पण पुरस्कार भेटला म्हणून पाहा असं मी म्हणत नाही, त्यातल्या म्हशीसाठी पाहा म्हणतो. म्हशीचं रेडकू मरते, मग त्याच्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करतात, म्हणजे ती पान्हा सोडेल. आमच्या घरी हे झालेलं आहे. आई माझ्या बाजूला बसून मोबाईलवर पाहत होती, ती एकदम म्हणाली, "वास येते ना गा तिले लेकराचा, म्हणून चाटते ते." आणि पिक्चरमध्ये त्याच वेळी पोराच्या डोक्यात घोळत असते की आपली आई खरी आई आहे का नाही. कोणी तोंडानं काही समजावून सांगत नाही, भाषण नाही, म्हैस आणि पोरगा एवढंच, आणि आपल्याले सगळं समजते. देविका दफ्तरदारनं ती आई अशी केली की ती चुलीपुढं बसली की वाटते ही इथंच बसत आली जन्मभर.

मी काही पिक्चरचा जाणकार नाही. ब्रह्मपुरी तालुक्यातला धानाचा कास्तकार माणूस, थेटर पाहायचं तर लांब जा, त्यामुळं बहुतेक पिक्चर मोबाईलवर नाहीतर टीव्हीवर. पण नाटकं लहानपणापासून पाहतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या भागात, दिवाळी झाली, धान निघाले की नाटकं सुरू होतात, कुठं शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, कुठं मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत चालते, पाहुणे गावोगावहून येतात, लेकरं मांडीवर झोपतात आणि बाया डोळे लावून बसलेल्या असतात. तीन तासाचा पिक्चर म्हणजे लांब झाला असं जे लोक म्हणतात ते माझ्या मनाले पटत नाही. लांबीचा त्रास नाही हो, खोटेपणाचा त्रास होते. आणि खोटं कुठं दिसते सांगू का, हातात दिसते. हिरो शेतात उभा आहे, नांगर धरला आहे, आणि धरण्यावरून समजते की यानं सकाळीच पहिल्यांदा धरला. बाई रोवणी म्हणजे धानाची लावणी करते आहे आणि पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, जुडी अशी पकडली आहे जशी देवाले फुलं वाहायला निघाली. तिथंच माझा पिक्चर सुटला, पुढं मग कितीही गाणी टाका.

गाभ्रीचा पाऊस (२००९, सतीश मनवर) हा या बाबतीत फार मोठा पिक्चर आहे, आणि आमच्याकडच्या पोरांनी तो पाहिलेलाच नाही याचं मला वाईट वाटते. कापसाच्या पट्ट्यातली गोष्ट आहे. शेजारचा कास्तकार जीव देतो, मग किस्नाच्या बायकोले धाक बसते की आपला नवराही तेच करेल. म्हणून ती त्याच्या मागं लहान पोराले लावते, नाहीतर सासूले लावते, गोडधोड करून घालते, त्याले एकटं सोडत नाही. आत्महत्येवर पिक्चर म्हटलं की लोक रडारड समजतात, पण इथं तर कितीतरी ठिकाणी हसू येते, कारण नवऱ्याले समजतच नाही हे सगळे माझ्या मागं काऊन लागले. सोनाली कुलकर्णी, गिरीश कुलकर्णी, ज्योती सुभाष, तिघंही असे वागतात की कॅमेरा आहे हे विसरायला होते. आणि पावसाची वाट पाहणं! पेरून ठेवलं आणि आभाळाकडं पाहत बसणं हे ज्यानं केलं त्यालेच माहीत, तो रिकामा बसलेला माणूस दाखवणं नांगर दाखवण्यापेक्षाही कठीण आहे, आणि गिरीश कुलकर्णीनं तो दाखवला. शेवट सांगत नाही, पण एकट्यानं पाहू नका, घरात कोणी तरी असू द्या.

शेरनी (२०२१) वर आमच्या घरात भांडण झालं होतं. विद्या बालन वन अधिकारी आहे, गोष्ट मध्य प्रदेशातली दाखवली, पण पाहणाऱ्याले यवतमाळकडच्या पांढरकवड्याची अवनी वाघीण आठवल्याशिवाय राहत नाही, माणसं मारली म्हणून तिले २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली होती. आता आमचा भाग म्हणजे वाघाचाच भाग. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुल वेचायला अंधारात निघावं लागते, मे महिन्यात तेंदूपत्ता, वाकून काम, आणि वाकलेलं माणूस मागून जनावरासारखंच दिसते. म्हणून मी हा पिक्चर दुसऱ्या नजरेनं पाहिला. चांगलं काय, तर लोक जंगलात काऊन जातात हे स्वच्छ सांगितलं, गुरं चारायची जागा लागवडीत गेली मग माणूस जाईल कुठं? वाघिणीच्या वाटेत खाण येते, तेही दाखवलं. विद्या बालन आरडाओरड करत नाही, कागद पाहते, पंजाचे ठसे पाहते, पायी फिरते, म्हणजे काम करते आहे हे दिसते. माझी तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे: ज्या घरचं माणूस संध्याकाळी वापस येत नाही त्या घरात पिक्चर जास्त वेळ थांबत नाही. वहिनी म्हणे, "वाघिणीच्या पिल्लासाठी रडवलं, आपल्या माणसासाठी नाही." भाऊ म्हणे पिक्चर वाघिणीचा आहे तर तिचंच दाखवणार ना. मी वहिनीच्या बाजूनं आहे. तरी पाहण्यासारखा आहेच, शरद सक्सेनाचा शिकारी पाहून तर असे लोक खरंच भेटतात म्हणून राग येते.

नागराज मंजुळेंचे सगळेच पाहिले. फँड्रीत डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि ते सगळं घर जागच्या जागी उभं राहते, तेवढ्या एका सीनसाठी हा माणूस मोठा. किशोर कदमची चालच पाहा, ओझ्यानं वाकलेला बाप कसा चालतो ते. सैराट तर सगळ्यांनी पाहिला, २०१६ च्या उन्हाळ्यात लग्नाच्या वरातीत दुसरं गाणंच नव्हतं, अजय-अतुलनी त्याचं संगीत अमेरिकेत मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं तेही आता सगळ्यांले माहीत आहे. पण लोक इंटरवलपर्यंतचा सैराट पाहतात आणि मला खरा वाटतो तो त्याच्यानंतरचा. ट्रॅक्टर-बुलेट चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत येते आणि तिले साधी रोजची कामं जड जातात, मग हळूहळू ती कारखान्यात जायला लागते, बोलणं कमी होते, चेहरा बदलते. रिंकू राजगुरू त्यावेळी किती लहान होती, तरी हे जमवलं. काही लोक म्हणतात तो भाग बोर आहे. अरे बाबा, संसार उभा राहताना दिसला तरच तो मोडल्याचा धक्का बसते ना!

झुंड (२०२२) आपल्या नागपूरचा आहे, विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांले फुटबॉल शिकवला त्यावरचा. अमिताभ बच्चन आहे पण तो बाजूले सरकून उभा राहतो आणि पोरं पुढं येतात, हे मला फार आवडलं. पोरं नागपूरच्या गल्लीतलीच वाटतात, बोलणं तेच, शिव्याही त्याच. थोडा पसरट झाला हे खरं, मॅच संपल्यावर पिक्चर संपला वाटते आणि मग अजून बराच उरलेला असतो. पण त्या उरलेल्या भागातच रिंकू राजगुरूची आदिवासी पोरगी आणि तिचा बाप कागदपत्रासाठी या दारातून त्या दारात फिरतात. जातीच्या दाखल्यासाठी ज्यानं चकरा मारल्या त्याले विचारा हा सीन कसा वाटते. लांब झाला तरी हा भाग कापू नये, असंच मी म्हणीन.

कोर्ट पाहायला धीर लागते. चैतन्य ताम्हाणेचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे त्याले. कॅमेरा एका जागी ठेवून दिला आणि हलतच नाही, पहिल्या खेपेले मी अर्ध्यात बंद केला होता, नंतर नाटकाले बसतो तसा बसलो तेव्हा समजला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले नागपूरचे वीरा साथीदार, कार्यकर्ता माणूस, २०२१ मध्ये कोरोनानं गेले. ते गातात तेव्हा अंगावर काटा येते, कारण ती चळवळीत कमावलेली खरी ताकद आहे. आणि गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील दिवसभर कोर्टात त्या म्हाताऱ्याले अडकवत राहते आणि घरी येऊन सगळ्यांसाठी स्वयंपाक करते. तिच्यावर धड रागही करता येत नाही.

जुन्यात माहेरची साडी घ्या. १९९१ चा, तेव्हा गावात वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे आणि सगळ्या आळीच्या बाया चटई घेऊन यायच्या. आज पाहिला तर रडणं जास्त वाटते, सासू एकदमच वाईट, सून एकदमच चांगली, असं कुठं असते. पण अलका कुबलचं काम खोटं नाही, ती त्या घरात राबताना दिसते, आणि आमच्या बाया पडद्यावर कोणाले तरी राबताना पाहून रडत होत्या, त्याले मी नाव ठेवणार नाही. सामना मात्र आजही तसाच कडक आहे. निळू फुलेंचा हिंदुराव खुर्चीत नुसता बसला तरी समजते की या गावात कोणाचं चालते, आणि समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न घेऊन अडून बसतो. तेंडुलकरांचं लिहिणं, जब्बार पटेलांचा पहिला पिक्चर. तरुण पोरांनी एकदा पाहाच, राजकारण समजते.

नव्यातला छावा (२०२५) आम्ही गाडी करून थेटरात पाहिला, कारण संभाजी महाराजांचा पिक्चर मोबाईलवर पाहणं मनाले पटत नव्हतं. विकी कौशलनं जीव ओतला आहे, शेवटचा अर्धा तास पाहवत नाही आणि नजरही हटत नाही. पण म्युझिक इतकं जोरात की बोलणं दबते. आणि लढायाच लढाया. संस्कृतात ग्रंथ लिहिणारा, नऊ वर्षं चारही बाजूचे शत्रू अंगावर घेऊन राज्य चालवणारा राजा, त्याचं ते राज्य चालवणं अजून दिसायला पाहिजे होतं. येसूबाईंले तर फारच कमी दिलं.

त्याच वर्षीचा दशावतार पाहताना मात्र मी गप्प झालो. दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या वर गेलेला माणूस, कोकणातला म्हातारा दशावतारी नट करतात, नजर अधू झालेली तरी रंग लावताना बोटं बरोबर जागेवर जातात. दुसऱ्या भागात बदला सुरू होते तिथं पिक्चर जरा फिल्मी होते, ते मला कमी आवडलं, पण खाणीसाठी जंगल जाणार ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाले वेगळी सांगावी लागत नाही.

आणि तो पाहिल्यापासून डोक्यात एकच चालू आहे की कोकणच्या नटावर पिक्चर निघाला, आमच्या झाडीपट्टीच्या नटावर काऊन निघत नाही? २०२३ मध्ये आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री भेटली, गडचिरोलीच्या वडशात नाटक कंपन्या आहेत, हंगामात गावोगाव रोज रात्री पडदा उघडते, आणि त्यातले कितीतरी कलाकार दिवसा बांधीत म्हणजे धानाच्या शेतात असतात. कोणी काढला तर नागपूरला जाऊन पहिल्या दिवशी पाहीन, घरच्या सगळ्यांची तिकिटं माझ्याकडून. फक्त त्यातल्या नटाले आधी एक हंगाम आमच्याकडं पाठवा, रोवणी शिकवून देऊ.