वाढत्या अंगाचं शिवू नका: पोरसवदा उमेदवाराने मुलाखतीचे कपडे कुठून घ्यावेत?

वय तेवीस-चोवीस, कंबर २८, खांदे अरुंद, दाढी अजून गालभर आलेली नाही. अशा मुलाकडे बघून मुलाखत घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, की याचं कॉलेज संपलंय का? मुलं दोष चेहऱ्याला देतात, पण बारकाईने बघितलं तर बऱ्याचदा घोटाळा कपड्यांत असतो. गळ्याभोवती दोन बोटं मोकळी राहिलेली कॉलर, दंडावर ओघळलेला खांदा, बुटावर साचलेली पँट. अंगापेक्षा मोठे कपडे घातले की माणूस मोठा दिसत नाही, त्याने ते कोणाचे तरी मागून आणल्यासारखे दिसतात.

हे कपडे मिळवायचे आपल्याकडे तीन रस्ते आहेत: गल्लीतला शिंपी, तयार कपड्यांचं दुकान आणि भाड्याचा ब्लेझर. आमचा कौल आधीच सांगतो. शर्ट शिवूनच घ्या. पँट शिवा किंवा तयार घेऊन बसवून घ्या, दोन्ही चालतं. ब्लेझर लागणारच असेल तर तयार घ्या आणि चांगल्या शिंप्याकडून दुरुस्त करून घ्या. भाड्याच्या वाटेला जाऊ नका.

शर्टाबद्दल एवढा आग्रह का, तर गळ्यासाठी. मोठ्या ब्रँडच्या फॉर्मल शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२ असे आकडे असतात. पुष्कळ जण ते छातीचं माप समजून घेतात. बहुतेक ब्रँडमध्ये तो कॉलरचा घेर असतो आणि तोही सेंटिमीटरमध्ये. सडपातळ मुलाचा गळा साडेतेरा इंच भरतो. अर्धा इंच सैल धरली तर त्याला १४ इंची, म्हणजे साधारण साडेपस्तीस सेंटिमीटरची कॉलर हवी. दुकानात सर्रास मिळणारा सगळ्यात लहान शर्ट ३८चा, म्हणजे १५ इंची. हा जो एक इंच जास्तीचा आहे, तोच सगळा घात करतो. टाय नसेल तर कॉलर पुढे लोंबते आणि मान काडीसारखी दिसते. टाय बांधला तर कॉलरला गाठीखाली चुण्या पडतात. बाकीचा शर्ट दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेता येतो, पण गळा लहान करायचा तर कॉलर उसवून नव्याने बसवावी लागते आणि तरी पुढा ओढल्यासारखा दिसतो. म्हणून तयार शर्टच घ्यायचा असेल तर आधी गळ्याला टेप लावा आणि दुकानात ३६ किंवा ३७ नंबर मुद्दाम विचारा. मिळाला तर घ्या, नाही तर शिंपी गाठा.

कापड किती घ्यायचं? फुल बाह्यांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, १.६० मीटर पुरतं. ३६ इंची पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. सुती कापड असेल तर शिवायला देण्याआधी पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, मग द्या. हा एक दिवस वाचवला की पहिल्या धुण्यात कॉलर आणि बाही आटते आणि अंगाबरोबर बसलेला शर्ट आखूड होतो.

रंगाचं जरा सविस्तर सांगायला हवं. पांढरा शर्ट आणि गडद निळी पँट हा जोड सगळ्यांना सुचतो. तिशीतल्या माणसाला तो शोभतोही. पोरसवदा मुलावर मात्र तो शाळेचा गणवेश होतो, विशेषतः कापड चकाकणारं टेरीकॉट असेल तर. सोलापूरचे गणवेश सगळीकडे जातात, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना त्या कापडाची आणि त्या रंगजोडीची ओळख लहानपणापासून आहे. पांढरा हवाच असेल तर खाली कोळशासारखी गडद राखाडी पँट घ्या. त्याहून चांगला फिका निळा, किंवा पांढऱ्यावर केसाएवढ्या बारीक निळ्या उभ्या रेघा. ठळक चौकडी, काळा शर्ट, कॉन्ट्रास्ट रंगाची बटणं आणि कॉलरच्या आतून फुलाफुलांचं कापड हे सगळं टाळा. ते लग्नाच्या स्वागत समारंभाला ठीक.

आता शिंपी. गल्लीतल्या शिंप्याचा हात चांगला असतो, शिलाईही परवडते. पुण्यात मध्यम दुकानात शर्टाला साधारण ४०० ते ६०० रुपये आणि पँटला ६०० ते ८०० रुपये पडतात, तालुक्याच्या गावी याहून कमी. त्याची एक सवय मात्र आपल्या मुळावर येते. समोर बारीक मुलगा उभा राहिला की तो न विचारता वाढत्या अंगाचं शिवतो. छातीच्या मापावर सहा-सात इंच सैल, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) खोल, बाही तळहातावर. त्याच्या मनात चांगलंच असतं, पोराला दोन-चार वर्षं जावं म्हणून. तुम्ही स्पष्ट सांगा: "काका, अंगाबरोबर शिवा. अंग आता वाढायचं नाही."

मग मापं एकेक सांगून घ्या. खांदा हाडाच्या टोकावर संपला पाहिजे, खाली उतरता कामा नये. छातीला अंगमापावर चार इंच सैल पुरे. मुंढा वर ठेवायला सांगा. मुंढा खोल असला की हात वर करताच अख्खा शर्ट पँटबाहेर येतो, आणि फाइल पुढे करताना नेमकं हेच होतं. बाही मनगटाचं हाड झाकून अंगठ्याच्या मुळाशी थांबावी. कफ मनगटापेक्षा दोन इंच मोठा, घड्याळाच्या हाताला थोडा जास्त. कॉलरचं टोक पावणेतीन इंच ठेवा. लहान चेहऱ्याला सव्वातीन इंची कॉलर गिळून टाकते आणि दोन इंची कॉलर कॅफेतल्या पोरासारखी दिसते. मान लांब असेल तर कॉलरच्या खालची पट्टी नेहमीपेक्षा पाव इंच उंच करून घ्या. मान भरलेली वाटते, हा फरक आरशात लगेच कळतो. बक्रम, म्हणजे कॉलरला ताठ ठेवणारं आतलं कापड, चांगलं घाला म्हणून सांगा आणि त्यासाठी वीस-तीस रुपये जास्त पडले तरी द्या. हलक्या बक्रमाला दोन-तीन इस्त्र्यांत फुगे येतात.

माप द्यायला जाताना अंगात जाड टी-शर्ट आणि खिशात मोबाइल नको. टेप तेवढं सगळं मोजतो.

पँटला ५८ पन्ह्याचं १.२० ते १.३० मीटर कापड लागतं. टेरीवूल (पॉलिएस्टर आणि लोकरीचं मिश्र कापड) घेतलं तर घडी टिकते आणि चकाकीही येत नाही. तरुण मुलांची इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. मोहरी (पँटच्या खालच्या टोकाचा घेर) १२ इंच, पोटरीला घट्ट, घोटा उघडा. ही पँट कॉलेजच्या गॅदरिंगची. कंबर २८-३० असेल तर मोहरी १४ ते १४.५ इंच ठेवा, म्हणजे पाय काड्याही दिसत नाहीत आणि पायघोळही होत नाही. पँट बेंबीच्या जरा खाली बसावी. फार खाली बसणारी, आखूड आसनाची पँट बसल्यावर मागून उघडी पडते आणि शर्ट फुगवते. लांबी अशी की पुढून बुटाला टेकून एकच हलकी मोड पडेल. मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. अंग खरंच भरलं तर पँट तिथूनच वाढवता येते, त्यासाठी आत्ता सैल शिवायची गरज नाही. तयार पँटला हीच मागची शिवण तपासून घ्या. बऱ्याच स्वस्त पँटना तिथे अर्धा इंचही माया नसते.

ब्लेझर सगळ्या मुलाखतींना लागत नाही. कारखान्यातली, सॉफ्टवेअरची किंवा शाळेतली नोकरी असेल तर नीट बसलेला शर्ट-पँट पुरतो, उगाच ब्लेझर घालून उन्हात घामाघूम होऊ नका. बँक, विक्री, सल्लागार कंपन्या, एमबीएचे कॅम्पस इथे तो अपेक्षित असतो.

ब्लेझर नव्याने शिवायचा तर खर्च मोठा आणि सगळ्या शिंप्यांना तो जमत नाही. शर्ट-पँटचा उत्तम कारागीर ब्लेझरच्या खांद्यात हमखास अडकतो. म्हणून तयार घ्या, आणि घेताना फक्त खांदा बघा. भिंतीला खांदा लावून कडेने उभे राहा. दंड आणि खांद्याचं पॅड बरोबर टेकले तर माप तुमचं. दंडाआधी पॅड टेकून चेपलं तर ब्लेझर एक नंबर मोठा आहे, सेल्समन काहीही म्हणो. खांदा लहान करणं म्हणजे बाही, अस्तर, पॅड सगळं उसवणं. ते काम परवडत नाही आणि क्वचितच साधतं. बाकी पुष्कळ काही करता येतं. कंबरेत एक-दीड इंच आत घेता येतं, बाही इंचभर आखूड होते. बाही अशी करा की हात सोडल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच दिसेल. हा अर्धा इंच पांढरा काठ माणसाला नीटनेटका दाखवतो, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो ब्लेझरच्या आत गडप झालेला असतो.

लांबी बसायची जागा जेमतेम झाकेल इतकी. त्याहून आखूड ब्लेझर फॅशनचा, लांब असेल तर पाय छोटे दिसतात. दोन बटणांचा घ्या. उभं असताना वरचं लावायचं, खालचं कधीच नाही, बसताना दोन्ही सोडायची. रंग गडद निळा किंवा राखाडी. काळा बँडवाल्यासारखा दिसण्याची भीती असते.

ब्लेझर नवा असताना तीन गोष्टी उसवायच्या असतात आणि आपल्याकडे कित्येक जण त्या तशाच ठेवतात. बाहीच्या टोकाला बाहेरून शिवलेलं कंपनीचं लेबल, मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याने घातलेला फुलीचा टाका, आणि खिशांची कच्ची टीप. लेबल छोट्या कात्रीने एकेक टाका कापून काढा, ओढू नका, कापडाला भोक पडतं. स्वस्त ब्लेझरच्या पुढ्याला आतून फ्यूजिंग, म्हणजे आकार धरून ठेवणारा कापडाचा थर, चिकटवलेलं असतं. त्यावर थेट गरम इस्त्री फिरवली किंवा तो घरी धुतला की चिकटवलेला थर सुटतो आणि छातीवर फुगे येतात. मग ते जात नाहीत. वर ओलसर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्री करा.

भाड्याच्या दुकानांचा माल लग्नांसाठी असतो. साटीनची कॉलर, मखमल, जरीचा ब्रोच, जोधपुरी. साधा गडद ब्लेझर असलाच तर तो शंभर अंगांवरून आलेला, छाती ३८-४० पासून पुढचा, आणि तुमच्या अंगाला बसावा म्हणून दुकानदार पाठीत दोन पिना टोचून देतो. समोरून फोटोला चालतं. मुलाखतीत खुर्चीवर बसलात की पाठ ताणते आणि खांदे कानाशी येतात. दोन-तीनदा भाडं भरण्यापेक्षा सेलमधला तयार ब्लेझर घेणं कधीही शहाणपणाचं.

डोक्याचं आणि चेहऱ्याचं थोडक्यात. कपाळावर येणारी झुलपं वय सर्वात जास्त कमी करतात. बाजूला भांग पाडा. कडेला मशीन ३ किंवा ४ नंबरचं सांगा, शून्याने फेड नको. केस मुलाखतीच्या आठवडाभर आधी कापा, कापलेल्या दिवशी ते नवे दिसतात. दाढी ठिपक्याठिपक्यांनी येत असेल तर गुळगुळीत करा, मिसरूड ठेवू नका. वाढलेली नसलेली दाढी कोवळेपणाच दाखवते. नंबर नसताना चष्मा घालू नका. साध्या काचेत समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि ऑनलाइन मुलाखतीत तर डोळेच दिसत नाहीत. पाठीवरची सॅक सोडा, पट्ट्यांनी ब्लेझरचे खांदे चुरगळतात. हातात साधी फाइल बरी.

शिंप्याकडे कधी जायचं हेही ठरवून ठेवा. कॅम्पसच्या मुलाखती पावसाळ्यानंतर रंगात येतात आणि तेव्हाच शिंपी दिवाळीच्या कामात बुडालेला असतो. त्यानंतर तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई, जूनमध्ये गणवेश. एरवी आठ दिवसांत मिळणारा जोड या दिवसांत तीन आठवडे घेतो आणि घाईत काज-बटणं कच्ची राहतात. गणपतीच्या आधी कापड टाका.

ट्रायलला जाताना तेच बूट, तोच पट्टा घालून जा. दुकानातल्या स्टुलावर बसा, हात पुढे करून कागद दिल्यासारखं करा, खाली वाकून बुटाची लेस बांधा. मागून शर्ट सुटला, मांडीवर पँट ताणली किंवा कॉलर मानेपासून सुटली तर तिथेच खडूची खूण करून घ्या. घरी नेऊन मग परत येणाऱ्या कपड्याला शिंपी वेळ देत नाही. आणि मुलाखत दुसऱ्या गावी असेल तर एसटीत ब्लेझर घालून बसू नका. तो खांद्यांशी उलटा करून, अस्तर बाहेर ठेवून घडी घाला, मध्ये एक टॉवेल ठेवा, आणि पोचल्यावर तासभर आधी हँगरला टांगा.