येशूचे जीवन मोबाइलवर शिकताना: साक्री तालुक्यातून काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी येशूच्या जीवनाचा अभ्यास ऑनलाइन करते आहे. साक्री तालुक्यातल्या आमच्या मंडळीत मी रविवारची शाळा घेते, त्यामुळे शिकलेले लगेच मुलांसमोर मांडावे लागते. दोन अभ्यासक्रम वापरले. एक अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा, नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, इतिहासावरचा. प्राध्यापक डेल मार्टिन यांची २६ व्याख्याने, २००९ मध्ये वर्गातच चित्रित केलेली आणि पूर्ण मोफत. दुसरा मराठीतला, पैसे भरून घेतलेला प्रमाणपत्राचा कोर्स. त्याचे नाव लिहीत नाही.

मराठी कोर्सबद्दल आधी थोडक्यात. आवाज मराठी आहे, धडे छोटे आहेत, डोळ्यांनी अधू झालेल्या आमच्या मंडळीतल्या आजीबाईंना ऐकायला बरे पडते. पण चारही शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांच्या, गोष्टी एकत्र कालवून एकच सरळ कथा केली आहे. शंका विचारली की ठरावीक मजकुराचे उत्तर येते. परीक्षेत येशूचा जन्म कुठे झाला, शिष्य किती, असे प्रश्न. आमच्या चौथीतल्या मुलांनाही ते येतात. प्रमाणपत्र मिळाले, ज्ञानात भर फारशी पडली नाही.

येलच्या व्याख्यानांनी मात्र माझी वाचायची रीतच बदलली. मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांना तिथे वेगवेगळे बसवून बोलते करतात. मार्कचे लेखन सर्वांत आधीचे, साधारण इसवी सन ७० च्या आसपासचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्कचा मजकूर होता. मार्कमध्ये जन्माची कथाच नाही. येशू थेट यार्देन नदीवर, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापाशी भेटतो. आणि सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो: स्त्रिया कबरेपासून पळाल्या, भ्याल्या होत्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षे तो अध्याय मी शेवटपर्यंत एका दमात वाचत आले. आता आठव्या वचनाशी थांबते, आणि त्या स्त्रियांची भीती मला पहिल्यांदाच खरी वाटली.

काही गोष्टी पचायला जड गेल्या. मत्तयप्रमाणे येशूचा जन्म थोरल्या हेरोद राजाच्या काळात, आणि हेरोद वारला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. लूक ज्या क्विरिनियस या रोमन सुभेदाराच्या शिरगणतीचा उल्लेख करतो, ती इतिहासाप्रमाणे इसवी सन ६ मधली. मंदिरातले व्यापारी हाकलल्याचा प्रसंग योहान सुरुवातीलाच सांगतो, बाकीचे तिघे शेवटच्या आठवड्यात. वधस्तंभाचा दिवस वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनानंतरचा की आदल्या तयारीचा, इथेही मार्क आणि योहान जुळत नाहीत. मी हे सगळे वहीत लिहून पाळकसाहेबांकडे नेले. ते म्हणाले, "चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखे बोलले असते, तर कोर्टात त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला असता का?" माझ्या सगळ्या प्रश्नांचे उत्तर त्यात नाही, पण अभ्यास चालू ठेवायला तेवढे पुरले. विश्वास डळमळेल या भीतीने कोणी थांबत असेल तर एवढे सांगते, माझा प्रार्थनेचा वेळ कमी झालेला नाही, वाढला आहे.

बायबलबाहेरचे पुरावे मुलांना फार आवडले. येशूला मृत्युदंड देणारा पंतय पिलात इसवी सन २६ ते ३६ यहूदिया प्रांताचा रोमन अधिकारी होता, आणि त्याचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात सापडला. १९८६ मध्ये दुष्काळाने गालील समुद्राचे पाणी ओसरले तेव्हा गाळातून त्या काळातली, सुमारे ८ मीटर लांबीची लाकडी होडी निघाली. शिष्य मासेमारीला कशा होडीतून जात, हे आता चित्रकाराच्या कल्पनेवर सोडावे लागत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसही पिलाताच्या हातून झालेल्या या मृत्युदंडाचा उल्लेख करतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या ग्रंथातला येशूवरचा प्रसिद्ध उतारा मात्र पुढच्या ख्रिस्ती नकलकारांनी वाढवला असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तेही मी मुलांपासून लपवले नाही.

पण सगळ्यांत जास्त दिले ते त्या काळच्या गालीलच्या, म्हणजे येशूच्या प्रांताच्या, माहितीने. लहान शेतकरी, कर, कर्ज, रोजंदारी. दिनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी, एवढे डोक्यात ठेवून मत्तयचा विसावा अध्याय वाचा. त्यात येशूने सांगितलेला एक दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो, मग पुन्हा पुन्हा बाजारात जातो, आणि दिवस मावळायच्या तासभर आधीही काही जण उभेच असतात, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेले नसते. आमच्याकडे सकाळी चौकात उभे राहणारे मजूर असेच असतात. कापूस वेचणीला मुकादम तरण्यांना आधी गाडीत घेतो, म्हातारे मागे राहतात. ज्यांना इथे काम मिळत नाही ते ऊसतोडीला गुजरातेत जातात.

हा दाखला मी बायकांच्या प्रार्थनासभेत वाचला. तासभर काम करणाऱ्यालाही पूर्ण दिनार मिळाला, हे काही जणींना अन्यायाचे वाटले. तेव्हा उभी हयात मजुरीत गेलेली एक आत्या म्हणाली, "शेवटे उना त्याले बी संध्याकायले भूक लागसच ना! त्याना घर बी लेकरं शेतस." म्हणजे शेवटी आला त्यालाही संध्याकाळी भूक लागतेच, त्याच्याही घरी लेकरं आहेत. त्यानंतर कोणी अन्यायाची गोष्ट काढली नाही. इतकी थेट उकल मला कुठल्याच व्याख्यानात मिळाली नव्हती. म्हणून माझे ठाम मत झाले आहे की हा अभ्यास एकट्याने कानात इयरफोन घालून करू नये. माहिती प्राध्यापकाकडून घ्यावी आणि दाखला कष्ट केलेल्या माणसांत बसून वाचावा.

मर्यादाही सांगायला हव्यात. व्याख्याने इंग्रजीत आहेत. लेखी मजकूर मिळतो. तो आदल्या दिवशी वाचून ठेवला तर बोलणे बरेच कळते. सुमारे पाऊण तासाचे एक व्याख्यान, म्हणून रेंज चांगली असते तेव्हा पहाटे डाउनलोड करून ठेवावे. ज्यांना फक्त येशूचे चरित्र हवे आहे त्यांनी शुभवर्तमानांवरची आणि ऐतिहासिक येशूवरचे व्याख्यान एवढेच आधी बघावे. पुढे नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांचा मोठा भाग आहे. आणि हा इतिहासाचा वर्ग आहे, इथे भक्तिपर प्रवचन मिळणार नाही. चमत्कार घडले की नाही यावर इतिहासकार निकाल देत नाही, हे आधीच समजून बसावे.

सुरुवात करणाऱ्यांनी कुठलाही व्हिडिओ लावण्याआधी आपल्या मराठी बायबलमधून मार्क एका बैठकीत मोठ्याने वाचून काढावा. दीड-दोन तास लागतात. घरातल्यांना आळीपाळीने वाचायला लावा, आणि अडेल तिथे वहीत खूण करा. आमच्या गटाने तसेच केले. आता लूक हाती घेतला आहे, शेजारच्या गावातल्या दोन कुटुंबांनीही वह्या आणल्या आहेत.