परवाना घ्यावा की पेटंटला आव्हान द्यावे?

प्रत्यारोपणासाठी मूलपेशी तयार करणाऱ्या लहान कंपनीच्या वाटेत दुसऱ्याचे पेटंट आले, तर परवाना घ्यावा की न्यायालयात लढावे, हे ठरवताना अमेरिकेतील दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला सेलप्रो या कंपनीचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट सिविन यांनी शोधलेल्या प्रतिपिंडामुळे (विशिष्ट खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनामुळे) पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-34 या खुणेवरून अस्थिमज्जेतील मूलपेशी वेगळ्या काढता येऊ लागल्या आणि त्यासंबंधीच्या पेटंटांचे हक्क बेक्टन डिकिन्सन या कंपनीमार्फत बॅक्स्टर या कंपनीकडे आले. सेलप्रोने परवाना न घेता, वकिलांच्या अनुकूल अभिप्रायावर विसंबून, स्वतःचे उपकरण पुढे नेले. त्यावरून झालेल्या खटल्यात 1995 मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने दिलेला कौल न्यायाधीशांनी बाजूला सारला. 1997 मध्ये निकाल उलटला, वकिलांचे अभिप्राय न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत आणि उल्लंघन हेतुपुरस्सर ठरल्याने सुमारे 23 लाख डॉलरची भरपाई तिप्पट झाली. गंमत अशी, की त्या वेळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी सेलप्रोच्याच उपकरणाला होती, बॅक्स्टरच्या नव्हे. संशोधन सरकारी निधीतून झालेले असल्याने सरकारने हस्तक्षेप करून आपल्याला परवाना मिळवून द्यावा, ही तिची मागणी राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ऑगस्ट 1997 मध्ये फेटाळली. पुढच्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसरा खटला नाळेतील रक्ताचा. हे रक्त गोठवून साठवण्याची आणि प्रत्यारोपणासाठी वापरण्याची पेटंटे असलेल्या फार्मास्टेम या कंपनीने 2002 मध्ये व्हायासेलसह काही खासगी रक्तपेढ्यांवर दावा केला आणि 2003 मध्ये ज्युरीकडून सुमारे 71 लाख डॉलर मिळवले. मात्र 2007 मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही पेटंटे अवैध ठरवली, कारण या रक्तात मूलपेशी असल्याचा निष्कर्ष आधीच्या संशोधनातून निघत होता आणि प्रयोगांनी त्यावर केवळ शिक्कामोर्तब केले होते. शिवाय पेढ्या रक्त साठवत होत्या, प्रत्यारोपण डॉक्टर करत होते, म्हणून प्रत्यारोपणाच्या पेटंटचे उल्लंघन पेढ्यांच्या माथी येत नव्हते.

माझ्या मते, आधीच्या प्रकाशित संशोधनातच शोधाचे मूळ दाखवता येत असेल आणि पाचेक वर्षे तग धरण्याइतके भांडवल असेल, तरच लढावे. रुग्णांना आपल्या उपकरणाची गरज आहे, एवढ्या बळावर लढू नये. भारतात पेटंट कायद्याच्या कलम 3(आय) नुसार उपचारपद्धतीला पेटंट मिळत नाही, त्यामुळे प्रत्यारोपणाच्या पद्धतीवरचा फार्मास्टेमसारखा दावा इथे उंबरठ्यावरच अडेल. उपकरणांवरची पेटंटे मात्र या कलमाच्या कक्षेबाहेर राहतात, म्हणून पेशी वेगळ्या करण्याच्या व्यवसायात उतरणाऱ्याने परवान्याची बोलणी उत्पादन बाजारात येण्यापूर्वीच सुरू करावीत.